प्रकल्प नोंदी: वीज पडल्यानंतर घर-ऑफिसचं नेटवर्क, नवीन स्विचची निवड, चिपळूण

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

काल संध्याकाळी परतीच्या पावसात जो कडकडाट झाला त्यात आमचा स्विच, म्हणजे लॅनवरची सगळी यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा, गेला. वीज घरावर नाही पडली, मागच्या आगरात कुठेतरी पडली, आणि वखारीतल्या कॅमेऱ्यांची जी तांब्याची लॅन वायर सुपारीच्या झाडांवरून साधारण सत्तर मीटर ओढत घरात आणलीय तिच्यातून झटका आत आला. आठ पोर्टांच्या स्विचचे पाच पोर्ट मेले, एनव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचा) लॅन पोर्ट गेला, ऑफिसमधल्या एका पीसीचं लॅन पण गेलं. नॅस (नेटवर्कवरची सगळ्यांच्या फायलींची डिस्क) वाचलं, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण बायकोच्या सीए ऑफिसचा सगळा डेटा त्यावर आहे आणि ऑडिट रिपोर्टची ३० सप्टेंबरची तारीख वाढून ७ ऑक्टोबर झालीय, म्हणजे हातात दोनच दिवस.

आज तात्पुरतं राउटरच्या मागच्या पोर्टांवर नॅस आणि तीन पीसी लावून दिले, बाकी दोघं वायफायवर. बायको म्हणाली, "हे सात तारखेपर्यंत चालू दे, मग तुला काय उघडायचं ते उघड." ठीक आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

रिपोर्ट सगळे गेले. आता शांतपणे बघता येईल.

आधी पोर्ट मोजले. ऑफिसात पाच पीसी आणि एक प्रिंटर, म्हणजे सहा. नॅस एक, एनव्हीआर एक, राउटरकडे एक, वरच्या हॉलचा टीव्ही एक, झाले दहा. घराभोवतीचे चार कॅमेरे, दोन ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे), झाले सोळा, आणि वखारीकडे जाणारी एक लाइन. सतरा! आणि आतापर्यंत हे आम्ही आठ पोर्टांच्या एका स्विचला पाच पोर्टांचे दोन डबे लटकवून आणि कॅमेऱ्यांना वेगवेगळे पीओई (लॅन वायरीतूनच वीज देणारे) ॲडाप्टर लावून चालवत होतो. एका स्विचला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी साखळी झाली की कुठला डबा अडकलाय हेच कळत नाही, प्रत्येक वेळी सगळे बंद करून चालू करायचे.

म्हणून पहिला नियम ठरला, मोजून जेवढे पोर्ट येतात त्यापेक्षा चार तरी जास्त हवेत.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज पीओईचा हिशोब. स्विच घेताना लोक पोर्ट बघतात पण पीओई स्विचमध्ये खरा आकडा एकूण वॅटचा असतो. पीओईचं ८०२.३एएफ हे मानक असेल तर स्विच एका पोर्टवर जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो, वायरीतली घट धरून पलीकडे १२.९५ मिळतात. ८०२.३एटी म्हणजे ज्याला पीओई प्लस म्हणतात त्यात ३० वॅट निघतात आणि २५.५ पोचतात. पण आठ पोर्ट पीओई प्लस लिहिलंय म्हणून आठ गुणिले तीस २४० वॅट मिळतील असं अजिबात नाही, आतला पॉवर सप्लाय ६० वॅटचा असला तर सगळ्यांत मिळून तेवढेच. बजेट संपलं की बरेच स्विच कमी प्राधान्याच्या पोर्टाची वीज कापतात, आणि हे नेमकं रात्री होतं, कारण अंधार पडला की कॅमेऱ्यांचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे लागतात आणि तेव्हाच त्यांचा वॅट वाढतो. दिवसा सगळं छान दिसतं.

आमचे कॅमेरे कागदावर कमाल ७ वॅटचे, चार म्हणजे २८. ॲक्सेस पॉइंट कमाल साडेबारा, दोन म्हणजे २५. एकूण ५३. वखारीतले तीन कॅमेरे यात धरले नाहीत, त्यांचं वेगळं बघायचंय.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पूजेत आईने कोयता, विळी आणि बायकोच्या लॅपटॉपसोबत माझं क्रिंपिंग टूल पण ठेवलं, त्याला गंध लावलं. मला फार बरं वाटलं ते बघून.

दुपारी स्विचचा इतिहास वाचत बसलो होतो. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट उभं केलं तेव्हा सगळे एकाच केबलवर बोलायचे, दोघं एकदम बोलले की टक्कर व्हायची आणि परत पाठवावं लागायचं. पुढे हब आले तरी तेच, एका पोर्टवर आलेलं सगळ्यांना ओरडून सांगायचं. प्रत्येक पोर्टला त्याचा स्वतःचा रस्ता देणारा पहिला अनेक पोर्टांचा इथरनेट स्विच १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने आणला, सात पोर्टांचा, आणि त्या कंपनीचं नाव होतं कल्पना! विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक, त्यांनी बायकोचं नाव कंपनीला दिलं. १९९४ मध्ये ती कंपनी सिस्कोने घेतली. आज जगात जिथे जिथे स्विच लुकलुकतोय तिथे मागे हे नाव आहे, हे आपल्याकडे शाळेत पोरांना सांगायला हवं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

स्विच बसवायचा कुठे? हा प्रश्न चिपळूणमध्ये साधा नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा आमच्या खालच्या ऑफिसात पुरुषभर पाणी होतं, सीपीयू, राउटर, यूपीएस सगळं चिखलात, आणि २००५ चं आई सांगते ते वेगळंच. म्हणून या वेळी काहीही झालं तरी स्विच, नॅस, एनव्हीआर आणि राउटर पहिल्या मजल्यावर जिन्याच्या वरच्या भिंतीला, सहा यूच्या (यू हे रॅकच्या उंचीचं माप) रॅकमध्ये. खाली फक्त वायरी उतरतील आणि भिंतीत आयओ बॉक्स (लॅन वायरीचे सॉकेट) असतील, ते पण जमिनीपासून पाच फुटांवर.

वायरमनचं म्हणणं होतं की खाली एकच वायर टाकू आणि तिथे आठ पोर्टांचा छोटा स्विच ठेवू, वायर वाचेल. वायर वाचेल हे खरं पण मग पाच पीसी आणि नॅस यांच्यात एकच गिगाबिटचा (सेकंदाला हजार मेगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा) रस्ता राहतो, स्कॅन केलेल्या मोठ्या फायली सगळे एकदम उघडायला लागले की सगळे त्याच एका रस्त्यावर, शिवाय पाणी आलं तर तो डबा गेलाच आणि खाली कुणाच्या टेबलामागे धूळ खात पडलेला स्विच म्हणजे उद्या कुणीतरी त्यात काहीतरी खुपसणार. सहा वायरी टाकायच्या ठरल्या, प्रत्येक आयओपासून थेट रॅकपर्यंत, मध्ये जोड नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

बाजारात फिरून आलो. दुकानात सगळ्यात आधी पुढे ठेवतात तो सीसीटीव्हीवाल्यांचा पीओई स्विच, आठ पोर्ट पीओई आणि दोन अपलिंक (राउटर किंवा मुख्य स्विचकडे जाणारे पोर्ट). नीट वाचलं तर आठ पोर्ट १०० एमबीपीएसचे आणि फक्त अपलिंक गिगाबिट. कॅमेऱ्यांसाठी यात वाईट काही नाही, चार मेगापिक्सलचा कॅमेरा साधारण चार ते आठ एमबीपीएस टाकतो, त्याला शंभर भरपूर झाले. पण ॲक्सेस पॉइंट त्यावर लावला तर अख्खं वायफाय शंभरच्या आत अडकतं. त्यावर एक छोटं बटण पण असतं, २५० मीटर लिहिलेलं. ते दाबलं की अंतर वाढतं खरं, पण पोर्टचा स्पीड १० एमबीपीएसवर येतो. इथरनेटची तांब्यावरची नेहमीची मर्यादा १०० मीटरच आहे.

दुसऱ्या दुकानात दुकानदार स्विचिंग कपॅसिटीवर खूप भर देत होता, ह्याची ३२ गिगाबिट आहे त्याची ३६ आहे. घरी येऊन गणित केलं. सोळा गिगाबिट पोर्ट, प्रत्येकातून एकाच वेळी एक गिगाबिट आत एक गिगाबिट बाहेर, झाले ३२, आणि एसएफपीचे (फायबरचं मॉड्यूल बसवायच्या खाचेचे) दोन धरले की अठरा दुणे ३६. म्हणजे हा आकडा फक्त पोर्ट मोजून येतो, सगळे पोर्ट एकदम पूर्ण वेगाने चालले तरी आत अडणार नाही एवढाच त्याचा अर्थ. पॅकेटचं पण तसंच, सगळ्यात छोटी फ्रेम (डेटाचा एक तुकडा) ६४ बाइटची, मध्ये सोडायची जागा वगैरे धरून ८४ बाइट म्हणजे ६७२ बिट, तर एका गिगाबिट पोर्टवर सेकंदाला सुमारे १४.८८ लाख फ्रेम, गुणिले पोर्ट. आजच्या साध्या गिगाबिट स्विचमध्ये पण हे पूर्ण असतं, त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत झालंय.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुने कंपन्यांमधून निघालेले चोवीस पोर्टांचे स्विच स्वस्तात मिळतात, मित्राने फोटो पाठवले, मोह झाला. पण त्यांना पंखे असतात, रॅक जिन्यात आहे आणि बाजूच्याच खोलीत आई झोपते. आणि असा स्विच ४० वॅट खात असला तर वर्षाला ३५० युनिट, काही न करता. इन्व्हर्टरवर तर विचारच नको. बिनपंख्याचाच घ्यायचा, नक्की.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आज जुनी वायर तपासली आणि खूप राग आला. आमच्या ऑफिसच्या दोन लाइन कायम शंभरवरच जुळायच्या, मी इतकी वर्षं स्विचला दोष देत होतो. वायरचं टोक कापून ब्लेडने तार खरवडली तर वरचा तांबडा थर निघून आत पांढरी! सीसीए आहे, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. २०२१ च्या पुरानंतर घाईत ज्याने वायरिंग करून दिलं त्याने पूर्ण तांब्याचे पैसे घेतले होते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्यापेक्षा जास्त, त्यामुळे पीओईची वीज वाटेत उष्णता होऊन जाते, आणि तार ठिसूळ असल्याने आयओत दाबताना किंवा वाकवताना आतल्या आत तुटते. शंभर एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही लागतात, म्हणून बाकीच्या दोनपैकी एक जोडी गेली तरी नेट चालू राहतं आणि बऱ्याच जोडण्या गुपचूप शंभरवर उतरतात आणि कुणाला काही कळत नाही.

कुणी नवीन वायरिंग करत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, पेटी उचलून बघा, खऱ्या तांब्याची ३०५ मीटरची पेटी चांगलीच जड लागते, आणि दुकानातच एक तार खरवडून बघा. दुकानदाराला राग आला तर दुसऱ्या दुकानात जा.

कॅट ६, पूर्ण तांबं, २३ गेज, एक पेटी मागवली.

२७ ऑक्टोबर, रविवार

मॅनेज्ड की साधा?

साधा स्विच म्हणजे लावला की चालू, काही सेट करायचं नाही, आणि नुसतं घर असेल तर तेवढंच पुरतं, उगाच जास्त घेऊ नये. आमच्याकडे तसं नाही. अशीलांचे पॅन, बँकेचे कागद, सगळं नॅसवर, आणि त्याच नेटवर्कवर कॅमेरे, टीव्ही, आणि येणाऱ्या प्रत्येकाला दिलेला वायफायचा पासवर्ड. हे बरोबर नाही. व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली नेटवर्कं, करून ऑफिस वेगळं, कॅमेरे वेगळे, पाहुणे वेगळे करायचेत, त्यासाठी ८०२.१क्यू हे व्हीलॅनचं मानक समजणारा स्विच लागतो आणि राउटरलाही ते समजावं लागतं. आमचा मायक्रोटिक आहे, त्याला समजतं.

दुसरं कारण गेल्या वर्षीचं. आर्टिकलशिपच्या एका मुलाला टेबलाखाली लोंबकळणारं वायरचं टोक दिसलं, त्याने चांगल्या मनाने ते समोरच्या मोकळ्या पोर्टात लावलं, आणि दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. दहा सेकंदांत सगळं ठप्प. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्य नसतं, ती किती वेळा फिरली हे कुणी मोजत नाही, त्यामुळे ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठी पाठवलेली) फ्रेम त्या गोलात फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत सगळ्या पोर्टांवर जाते. अर्धा दिवस गेला होता शोधण्यात, आणि तो मुलगा बिचारा घाबरून रडवेला झालेला. लूप ओळखून पोर्ट बंद करणारा स्विच असता तर तेवढा एक पोर्ट बंद पडून काम चालू राहिलं असतं.

तिसरी गोष्ट वखार. तांबं परत टाकायचं नाही. घराचं अर्थिंग वेगळं, वखारीचं अर्थिंग वेगळं, जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या विजेच्या दाबात काही क्षण प्रचंड फरक पडतो आणि मधली तार तो फरक भरून काढायला वाट देते. पोर्टमधले छोटे ट्रान्सफॉर्मर १५०० व्होल्टचं विलगीकरण देतात, पण विजेपुढे ते काहीच नाही. सर्ज प्रोटेक्टर लावता येतात, त्यांनाही चांगलं अर्थिंग लागतंच. फायबरमध्ये काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, मुळात वीज वाहतच नाही, प्रश्नच संपतो. म्हणजे स्विचला एसएफपी हवा. खरं सांगायचं तर या एका गोष्टीने यादीतले निम्मे स्विच बाद केले.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी झाली, काका पण आले होते, त्यांच्यासमोर कागद मांडला. ते म्हणाले, "एकच मोठा का नाही घेत रे?" विचार मी पण केला होता. चोवीस पोर्ट, सगळे पीओई, असा एक घेतला तर बिनपंख्याचा मिळणं कठीण, आणि तो गेला तर ऑफिस आणि कॅमेरे दोन्ही एकदम जातात. म्हणून काकांना सांगितलं, दोन घेऊ, बाहेरच्या सगळ्या वायरी एकावर आणि ऑफिस दुसऱ्यावर. पुन्हा काही झटका आलाच तर ऑफिस वाचण्याची आशा जास्त. त्यांना पटलं.

घेतलेले दोन्ही टीपी-लिंकच्या ओमाडा मालिकेतले. टीएल-एसजी२२१८, सोळा गिगाबिट पोर्ट आणि दोन एसएफपी, पीओई नाही. आणि टीएल-एसजी२२१०पी, आठ गिगाबिट पीओई प्लस पोर्ट आणि दोन एसएफपी, बजेट ६१ वॅट. दोघांना पंखा नाही. एकसष्टात त्रेपन्न म्हणजे काठावर आहे हे मला दिसतंय, पण त्रेपन्न हे कागदावरचं कमाल आहे, प्रत्यक्ष रात्रीचं मोजून इथे लिहीन. दोन्ही मिळून पंचवीस हजारांच्या आत बसले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

रिटर्नची वाढीव तारीख काल १५ ला संपली, ऑफिस दोन दिवस बंद, म्हणून आज आणि उद्या बसवायचं. सहाच्या सहा वायरी उतरवल्या, आयओ दाबले, तारांच्या रंगांचा क्रम टी५६८बी दोन्हीकडे. सहापैकी पाच लगेच गिगाबिटवर जुळल्या, सहावी शंभरवर. परत उघडून बघितली तर तपकिरी जोडीतली एक तार आयओच्या खाचेत पूर्ण बसली नव्हती, दाबली आणि झालं. आयपर्फ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर लावून नॅसकडे मोजलं, आधी ९४ यायचे, आता ९४१ एमबीपीएस. बायको खालून ओरडली, "अरे काय केलंस, बॅलन्सशीटची फाइल क्लिक केल्या केल्या उघडली!"

१७ नोव्हेंबर, रविवार

व्हीलॅन. ऑफिस १०, कॅमेरे २०, पाहुणे ३०. इथे एका गोष्टीत दोन तास गेले म्हणून लिहून ठेवतो. या प्रकारच्या स्विचमध्ये पोर्ट एखाद्या व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड (फ्रेमवर व्हीलॅनची खूण न लावता) म्हणून घालणं हे झालं बाहेर जाणाऱ्या फ्रेमचं, आत येणाऱ्या फ्रेमला कुठला व्हीलॅन लावायचा हे पोर्टचा पीव्हीआयडी नावाचा आकडा ठरवतो, ते वेगळ्या पानावर असतं आणि दोन्ही बदलावं लागतं. एकच बदललं की पिंग जातो आणि उत्तर येत नाही. आणि एक पोर्ट शेवटपर्यंत व्हीलॅन एकमध्येच ठेवा, त्यावर लॅपटॉप लावून काम करा, नाहीतर स्विचच्या पानावर परत जाता येत नाही आणि रिसेट करून पहिल्यापासून.

लूप डिटेक्शन चालू केलं. मुद्दाम एक पॅच कॉर्ड दोन पोर्टांत लावून बघितली, ते पोर्ट बंद झाले, बाकी नेट हललं पण नाही. त्या मुलाला फोटो पाठवला, तो आता पुण्यात नोकरीला आहे, त्याला फार आनंद झाला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

फायबर. स्प्लायसिंग (फायबर जोडायच्या) मशीनवाला सकाळी येणार होता पण आज विधानसभेचा निकाल, रस्त्यात गुलाल आणि मिरवणुका, तो पोचला साडेतीनला. वायर दोन कोअरची (काचेच्या दोन तंतूंची) सिंगल मोड घेतली आणि बघूनच घेतली की आधाराची तार लोखंडाची नाही, फायबरग्लासची आहे, कारण फायबर टाकून सोबत लोखंडी तार दोन्हीकडे खिळली तर उपयोग काय? जमिनीखालून पाइपातून नेली.

जोड झाले, एसएफपी लावले, लिंक नाही. टोकं बदलून बघितली, नाही. मग मॉड्यूलवरचे आकडे वाचले. एका कोअरवर दोन्ही दिशांना चालणारे एसएफपी जोडीने येतात, एक १३१० वर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. मला पाठवलेले दोन्ही सारखेच होते, दोघं एकाच रंगात बोलतायत आणि दुसऱ्याच रंगात ऐकतायत. बदलून मागवले. ज्यांनी दुसरा कोअर मोकळा ठेवायचाय त्यांनी ऑर्डर करताना ए आणि बी असे दोन वेगळे आहेत ना हे बघावं.

३० नोव्हेंबर, शनिवार

बरोबर जोडी आली, लावल्या लावल्या दिवा लागला. वखारीत चार पीओई पोर्टांचा एक एसएफपीवाला छोटा स्विच बसवलाय, त्याची वीज तिथलीच. तिन्ही कॅमेरे आले. एनव्हीआर पण नवीन, तो व्हीलॅन २० मध्ये.

८ डिसेंबर, रविवार

आठवडाभर रात्रीचे आकडे लिहिले. कॅमेरे आयआर लागल्यावर प्रत्येकी साधारण पाच वॅट, ॲक्सेस पॉइंट सात-साडेसात, पीओईचं एकूण ३६ वॅटच्या आसपास, एकसष्टात व्यवस्थित. हात लावला तर दोन्ही स्विच नुसते कोमट. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर खंड पडतो आणि तेवढ्यात स्विच रिबूट होऊन ॲक्सेस पॉइंट यायला दोन मिनिटं लागायची, म्हणून मध्ये एक छोटा यूपीएस टाकला, आता ते पण बंद.

काकांनी संध्याकाळी मोबाइलवर वखारीचा कॅमेरा बघितला, दारापुढे शेजाऱ्यांचं मांजर बसलेलं, त्यांनी ते दोनदा मोठं करून बघितलं.

जुनी तांब्याची वायर दोन्ही टोकांना कापून ठेवलीय पण सुपारीवर अजून लटकतेय. पुढच्या आठवड्यात सुपारी काढायला गडी येणार आहे, त्याला सांगितलंय, ती पण तेव्हाच उतरवून घेऊ.